अडचण कळवा

...नाही, मला एक सांगा, बटण हिरवं असावं की निळं, यावर शिकलेली माणसं चार रविवार भांडतात का? माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर, माझा चहा पिऊन भांडली हो! आणि तेही स्वखुशीनं!

तुम्हाला सांगतो, मी चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो, आता घरीच. शिक्षण सातवी, तीही मास्तर कंटाळले म्हणून पास. सूनबाई मात्र कॉम्प्युटरवाली. तिच्या डोक्यात आलं, दवाखान्यात नंबर लावायचा प्रोग्रॅम करायचा आणि फुकट वाटायचा. नुसता वाटायचा नाही, आतलं लिखाणही उघडं ठेवायचं... कुणीही उचलावं, हवं तसं बदलावं आणि बदललेलं पुन्हा सगळ्यांना द्यावं. मी म्हटलं, म्हणजे शेजाऱ्याला शिडी देण्यासारखं की! पण शिडी परत येते ती दोन पायऱ्या मोडून. ती म्हणाली, ही दोन पायऱ्या जास्त घेऊन येते, बाबा. घ्या! बोलायला माझ्या वरताण.

मदतीला नावं दिली एकवीस जणांनी, रविवारी आमच्याकडं बैठकीला यायचे तिघं-चौघं. त्यात एक दाढीवाला. काम झालं का विचारलं की दाढी कुरवाळत म्हणणार, "झालंय हो ताई, फक्त परत पहिल्यापासून लिहितोय." कधीही विचारा, पहिल्यापासूनच! एक बँकेतली बाई, ती मागच्या बैठकीत काय ठरलं ते वाचून दाखवायची. काय ठरलेलं असायचं? की पुढच्या बैठकीत ठरवू. आणि प्रोग्रॅम वापरायचा कसा, हे साध्या भाषेत लिहायची वेळ आली की सगळे म्हणणार, ते काय, कुणीही लिहील. वर्षभर वाट बघितली, हा 'कुणीही' काही आला नाही. त्याला तरी का बोल लावा? सगळं स्वखुशीनं!

मग एका रविवारी कुणीच आलं नाही. चहा केलेला, खुर्च्या मांडलेल्या, आणि सूनबाई एकटी. म्हणाली, महिनाअखेरपर्यंत एका तरी दवाखान्यानं वापरला नाही तर बंद करते. दीड वर्षं पोरगी नोकरी सांभाळून राबलेली, आणि असं म्हणाली जणू गॅस बंद करते. मला कसंतरीच झालं. आणि मला कसंतरी झालं की मी काय करतो? खोडी!

त्या प्रोग्रॅमात कोपऱ्यात एक बटण आहे, 'अडचण कळवा'. दीड वर्षात कुणी दाबलेलं नाही. वापरणारा असेल तर अडचण! मी दाबलं. एका बोटानं, अर्धा तास खपून लिहिलं... मी लांबच्या दवाखान्यातला कंपाउंडर. आमच्या एक आजी सकाळी नंबर घेतात, घरी जातात, भाजी चिरून येतात, तोवर नंबर गेलेला, मग त्या माझ्याशी भांडतात, तर यावर तुमच्याकडं औषध काय?

काय सांगू तुम्हाला... पुढच्या रविवारी अकरा माणसं! दाढीवाला तर अर्धवट चहा ठेवून उठला, "ताई, खरा माणूस वापरतोय!" बँकेतल्या बाईंनी वही मिटली. बटणाचा रंग कुणाच्या लक्षातसुद्धा नाही, सगळे त्या आजींच्या मागे! मला चेव आला. दुसऱ्या दिवशी कळवलं, नवरा-बायको एकाच नंबरात आत शिरतात. मग कळवलं, पेशंट बाहेर येतो आणि पुन्हा दारात मान घालून विचारतो, दूध चालेल का, त्याला नवा नंबर द्यायचा की जुनाच? यातलं एकही खोटं नाही हं, चाळीस वर्षं हेच भोगलंय. खोटा फक्त मी.

आणि महिना सरायच्या आत दोन दवाखाने आले, खरे! त्या तक्रारी आणि त्यावरची उत्तरं वाचून आले. पण त्यांना काही अडलं की ते विचारणार कुणाला? कंपाउंडरसाहेबांना! बसलो उत्तरं देत. तो वापरायचा कागदही शेवटी मीच लिहिला. "आधी मशीन चालू करा. मग झालं का बघा." रोज सकाळी दोन तास. कुणी सांगितलं होतं? स्वखुशीनं!

परवा सूनबाईनं चहा पुढं ठेवला आणि म्हणाली, "बाबा, त्या कंपाउंडरना सांगा, आणखी तीन दवाखाने आलेत."

मी आपला साळसूद. कुठले कंपाउंडर?

"जे तक्रारीखाली 'थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद' लिहितात ते."

चहा नाकात गेला हो माझ्या! कधी कळलं म्हटलं, तर पहिल्याच दिवशी. मग बोलली का नाहीस?

"आपणहून काम करणाऱ्याला मध्येच हटकू नये, बाबा."

आयुष्यभर लोकांच्या टोप्या उडवल्या, आणि घरातल्या घरात माझीच उडाली! मी म्हटलं, झालं तेवढं पुरे, मी सुटतो. ती म्हणाली, सुटा की, फक्त तुमच्या जागी कुणीतरी बघून द्या. न्हाव्याला विचारलं, त्यानं वस्तरा थांबवून माझ्याकडं बघितलं. धाकट्या भावाला विचारलं, तो तेव्हापासून फोन उचलत नाही. म्हणून म्हटलं, आज तुम्ही एवढी मंडळी जमलाच आहात, तर... सकाळचे दोनच तास. शिक्षणाची अट नाही. नुसता हात वर करायचा.

...

कुणी?

...तो मागं एक हात दिसला! तुम्ही... हां, तुम्हीच... काय? डोकं खाजवताय होय?

बरं. खाजवा.