भिंतीकडची खुर्ची

हॅलो?… हां ताई, बोल. ऑफिसात आहे, समोर माणसं बसलीत, पटकन सांग… अगं हळू! कोण नाहीये?… तुझ्या सासूबाई? अगं, त्यांना कूस बदलायला माणूस लागतो, त्या कुठे जाणार?

थांब, थांब. रडू नकोस, नीट सांग. तू दुकानात गेलीस… हो… परत आलीस तर बिछाना रिकामा. पांघरूणपण नाही. बरं. आणि वरच्या खोलीतला सुतार, त्याची बायको, पोर?… तेही नाहीत? तिघंही?… दार सताड उघडं, शेगडीवर भांडं तसंच… शेगडी बंद केलीस ना? मग ठीक.

काहीतरीच काय! सुतार कशाला पळवून नेईल तुझ्या सासूला? लोणचं घालायला?… नाही गं, थट्टा नाही करत. पण ज्याचं घरदार लढाईत जळालं, जो बायको-पोरीला घेऊन कसाबसा इथवर आला, तो असलं… हो, माहीत आहे, तुला ते ठेवायचेच नव्हते. माझ्या भिडेखातर जागा दिलीस. महिनाअखेरीला निघायला सांग म्हणालीस, तेही माहीत आहे. दहादा ऐकलंय.

पोलीस नको! ताई, ऐक माझं. एकदा पोलीस दारात आले की यांना परत छावणीत धाडतील, मग आमच्या निर्वासित-मदत ऑफिसच्याही हातात काही राहणार नाही. जरा दम धर… हो गं, नाहीच सापडल्या तर मीच बोलावते पोलिसांना. तुझी शपथ.

आता सांग, दुकानात कधी गेलीस?… बाराच्या आधी. आणि बाराला… अगं बाई! आज पहिला सोमवार! भोंगा!… भोंग्याची चाचणी गं, दर महिन्याला होते ती! आपण मान वर करूनसुद्धा बघत नाही… माझंच डोकं ठिकाणावर नाही. कचरा कुठे टाकायचा ते सांगितलं, बस कुठली ते सांगितलं, आणि भोंग्याचं सांगायचं राहूनच गेलं बघ. ताई, त्यांच्या गावात भोंगा वाजला की वरून बॉम्ब पडायचे.

तळघरात बघ… हो, तुझ्याच तळघरात, मोडक्या खुर्च्या टाकल्यास तिथे. जा. फोन चालू ठेव.

काका, बसा हं दोन मिनिटं, घरचाच फोन आहे…

हां, काय झालं?… आतून कडी? धडाधडा वाजवू नकोस, घाबरतील! हाक मार. तुझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो, आज उपयोग होऊ दे त्याचा.

उघडलं?… आहेत? सासूबाई आहेत?… हुश्श! कशा आहेत?… पांघरुणासकट उचलून आणलं? आणि सुताराची चिमुरडी त्यांची वेणी घालतेय?… म्हणजे त्या मजेत, आणि तू इथे माझं रक्त आटवलंस!

मग वर का येत नाहीत?… खुणा कसल्या करतोय? थांब, दुभाषीबाई शेजारीच आहेत, स्पीकरवर टाकते. फोन त्याच्याजवळ धर…

ताई, बाई सांगताहेत, ते दुसऱ्या भोंग्याची वाट बघताहेत. त्यांच्याकडे धोका टळला की दुसरा वाजायचा, मगच बाहेर पडायचं. आपल्याकडे चाचणीला एकच वाजतो. रात्रीपर्यंत बसले असते गं बिचारे!

थांब, तो आणखी काही बोलतोय… म्हणतो, आधी तुझंच दार वाजवलं. तू नव्हतीस. मग आजींना खाली आणून ठेवलं आणि तुला शोधायला बाहेर धावला… अगं हो, रस्त्यावर! जीव मुठीत धरून कोपऱ्यापर्यंत जाऊन आला… ती खुर्ची? भिंतीला लावलेली?… विचारते… तुझी म्हणे. पुसून ठेवलीय. भिंतीकडची बाजू सगळ्यात भक्कम, म्हणून तिथे आजी आणि तू. दाराशी तो.

अगं, रडतेयस?… 

बरं, रड. रडून घे… मग महिनाअखेरचं काय सांगू त्यांना?… अगं ओरडू नकोस, कान गेला माझा! नाही सांगत. नाही सांगत म्हटलं ना!

आता चला वर, भोंगा नुसता चाचणीचा होता असं बाईंनी त्याला सांगितलंय… काय म्हणालीस?… बसलीस? त्या खुर्चीत?… बस, बस. त्याने एवढी ठेवलीय तर बस थोडा वेळ… मी ठेवते फोन, इकडे काका खोळंबलेत.