यादीतलं पंधरावं नाव

नाही, बायकोचं मी समजू शकतो, लग्नाला अकरा वर्षं झाली, एवढ्या काळात माणूस एकदा तरी फितूर होणारच, मेहुणीचंही सोडा, ती शेवटी बायकोचीच बहीण, पण आठ वर्षांची पोरगी... जिला मी बुटाची नाडी बांधायला शिकवली, ती रोज माझ्यासमोर बसून जेवते, 'बाबा, दमलास का' म्हणून विचारते, आणि पोटात काय दडवलंय त्याचा वाससुद्धा लागू देत नाही. आणि अण्णा, माझे सख्खे वडील... त्यांच्याबद्दल तर मी बोलतच नाही. म्हणजे बोलणार आहे, पण नंतर.

तुम्हाला सांगतो, यादीत चौदा नावं होती. चौदा. मोजून चौदा. आणि ती चौदाच्या चौदा मी माझ्या हातानं घातली होती.

मुळापासून सांगतो, नाहीतर म्हणाल हा उगाच गळा काढतोय. मी लिफ्ट दुरुस्त करतो. सतरा वर्षं झाली. दार नीट बंद झाल्याशिवाय लिफ्ट जागची हलता कामा नये, एवढं एक तत्त्व धरून मी संसार करतो. तर आमची भिंगरी, घरात आम्ही पोरीला भिंगरीच म्हणतो कारण ती बसत नाही, फिरते, ही भिंगरी टॅबवर मांजरांचे व्हिडिओ बघत होती. मांजरं संपली, पुढचं आपोआप सुरू झालं, त्यापुढचं आपोआप सुरू झालं, आणि ही आपोआप आपोआप कुठे जाऊन पोचली, तर एक लिफ्ट तुटून खाली पडते आणि आत एक बाहुली किंचाळते, असल्या काहीतरी भयंकर कार्टूनपर्यंत. मी शेजारच्याच खोलीत होतो. पेपर वाचत होतो. पोरगी गप्प आहे म्हणून खूश होतो.

दुसऱ्या दिवसापासून भिंगरी लिफ्टमध्ये पाय ठेवेना. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. सहा मजले चढायचे, सहा उतरायचे, पाठीवर दप्तर, आणि मी मागे पाण्याची बाटली घेऊन. जिन्यात माणसं भेटायची, विचारायची, 'काय हो, लिफ्ट बंद आहे का?' आता काय सांगू? लिफ्ट चालू आहे, मीच परवा तेलपाणी केलंय, फक्त माझ्या स्वतःच्या पोरीचा तिच्यावर विश्वास नाही?

मग मेहुणीला बोलावलं. ती शाळांमधले कॉम्प्युटर सांभाळते. म्हणाली, "भाऊजी, एवढं काय त्यात. तिच्या टॅबवर फक्त तुम्ही मंजूर केलेलीच चॅनेलं चालतील. दुसरं काही हवं असेल तर ती विनंती पाठवेल, ती तुमच्या फोनवर येईल, तुम्ही आधी स्वतः बघायचं आणि मग हो किंवा नाही म्हणायचं." 'आधी स्वतः बघायचं' हे तिनं दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा मान हलवली. मान हलवताना माणूस ऐकत असतोच असं नाही.

तीन रविवार घातले मी त्या यादीत. तीन. पाणघोडा पाण्याखाली चालतो की पोहतो यावर एक्केचाळीस मिनिटं बघितली. कागदाची बेडकं करणारा एक गृहस्थ बघितला, त्याच्या नखांत घाण नाही ना तेसुद्धा बघितलं. एक बाई गोष्टी चांगल्या सांगायच्या, पण उगाचच हसायच्या, त्यांना काढलं. शेवटी चौदा उरली. जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं, "ही यादी. यादीबाहेर काही नाही. आणि यादीवर चर्चा नाही." भिंगरीनं विचारलं, "लहानपणी तुला पण यादी होती?" मी म्हटलं, "यादी कसली, आमच्या टीव्हीला कुलूप होतं. लाकडी कपाटात टीव्ही, त्याला दारं, दाराला कुलूप, किल्ली अण्णांच्या खिशात. आणि आम्ही त्या किल्लीकडे कधी डोळा वर करून बघितलंसुद्धा नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते आता विसरायचंय.

तर, पहिला आठवडा छान गेला. दुसऱ्या आठवड्यात मी एका इमारतीच्या शाफ्टमध्ये, म्हणजे ज्या उभ्या विहिरीतून लिफ्ट वरखाली करते तिथे, लिफ्टच्या टपावर उभा, कमरेला पट्टा, दातांत टॉर्च, हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये, आणि खिशात वाजलं टिंग. कसाबसा फोन काढला. भिंगरीची विनंती. चॅनेलचं नाव, 'टिकटिक आजोबा'. खाली दोन बटणं, मंजूर, नामंजूर. आता तुम्हीच सांगा, दातांत टॉर्च असलेला माणूस काय विचार करणार? मी म्हटलं, कोण हा म्हातारा, कुठला कोण, नाव बघा किती गोड, आणि गोड नावाचीच जास्त भीती. दाबलं नामंजूर. दोन दिवसांनी परत टिंग. टिकटिक आजोबा. म्हटलं, चिवट दिसतोय थेरडा. नामंजूर. तिसऱ्यांदा तर मी नीट वाचलंही नाही. उघडून बघितलं का? नाही. आधी स्वतः बघायचं होतं का? होतं. पण मग नंतर कळलं ते आधीच कळलं असतं, आणि आज तुमच्यासमोर हे रडगाणं गायला काही उरलं नसतं.

त्यानंतर साधारण दहा दिवसांनी एक चमत्कार झाला. सकाळी शाळेला निघालो, मी जिन्याकडे वळलो, तर भिंगरी लिफ्टसमोर उभी. म्हणाली, "चल की." आत शिरली, बटण दाबलं, माझा हात घट्ट धरला, पण खाली पोचेपर्यंत डोळे उघडे. माझी छाती अशी फुगली... आठवडाभर सांगत सुटलो मी लोकांना, की पोरांना नीट समजावलं की भीती जाते, मी तिला दोर कसे असतात, ब्रेक कसा असतो, सगळं चित्र काढून दाखवलं, आणि मुख्य म्हणजे यादी. चौदा नावं, मोजून चौदा. बायको ऐकायची आणि उगाच भांडी आवरायला उठायची. आता कळतंय, ती का उठायची.

मग, दोनेक महिन्यांनी, तो मंगळवार. आम्ही तिघं जेवतोय, शांत, आणि भिंगरी घास गिळून अगदी सहज विचारते, "बाबा, किल्लीचा ठसा साबणावर नीट उमटतो का रे? की साबण आधी ओला करावा लागतो?"

मला जो ठसका लागला... बायकोनं पाठ चोळली, पाणी दिलं. चेहरा तिचा इतका निरागस की मला तिथेच संशय आला. कारण तुम्हाला खरं सांगतो, आता काय लपवायचं, मी अकरा वर्षांचा असताना एका रात्री अण्णा झोपले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशातली किल्ली काढून साबणावर दाबली होती. आणि त्या ठशावरून, खणाची एक जुनी निकामी किल्ली अण्णांच्याच कानशीनं घासून घासून टीव्हीची दुसरी किल्ली बनवली होती. वर्षभर रोज दुपारी कुलूप उघडून टीव्ही बघितला. आई शिवणकामाच्या कारखान्यात, अण्णा दुकानात. ही गोष्ट जगात कुणाला ठाऊक नव्हती. बायकोला नाही, मित्राला नाही. मी ती माझ्याबरोबर वर घेऊन जाणार होतो.

"हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

भिंगरी आईकडे बघते, आई ताटाकडे बघते.

मी यादी उघडली. मोजली. पंधरा.

"हे कुणी घातलं?"

"मी," बायको म्हणाली. कशी म्हणाली माहितीये? दूध आलं का विचारल्यावर 'आलं' म्हणतात ना, तसं. म्हणाली, "माझ्या बहिणीनं दोघांचे फोन जोडले होते. मंजुरी मलाही देता येते." म्हणजे बघा, कुलूप माझं, आणि दुसरी किल्ली पहिल्या दिवसापासून घरातच. मी म्हटलं, "मी तीन वेळा नाही म्हटलं होतं." तर ती म्हणाली, "हो. तिसऱ्यांदा नाही म्हणालास तेव्हा पोरगी खिडकीत बसून रडली. तू कुणाला नाही म्हणालास ते एकदा बघ, मग माझ्याशी भांड."

भिंगरीला विचारलं, तू मला सांगितलं का नाहीस? तर म्हणते, "तू म्हणाला होतास ना, यादीवर चर्चा नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीन रूममध्ये पत्र्याच्या स्टुलावर बसलो, शेजारी मोटर घूं घूं करतेय, आणि तो टिकटिक आजोबा उघडला.

अण्णा.

माझे अण्णा. घड्याळजी. दुकान बंद करून चार वर्षं झाली, आई गेल्याला दोन झाली, राहतात एकटे आमच्यापासून पाच तासांवर, कितीदा म्हटलं इकडे या, येत नाहीत. फोनवर आमचं बोलणं काय, 'जेवलास?' 'जेवलो.' 'तब्येत?' 'बरी.' संपलं. व्हिडिओ कॉल केला तर नुसता कान दिसतो. आणि इथे तेच अण्णा, इस्त्रीचा शर्ट, डोळ्याला भिंग, समोर उघडलेलं गजराचं घड्याळ, आणि धबधब्यासारखे बोलतायत. "भिंगरे, बघ हं, हे छोटं चाक दिसतंय ना, हे सगळ्यात आळशी..." शेजारच्या निवृत्त शिक्षिका फोन धरतात म्हणे. तेवीस भाग. बघणारे एकूण अकरा, त्यातले तीन माझ्या नात्यातले, बायको, पोरगी, मेहुणी. मी सोडून सगळे.

चौथ्या भागात काय होतं? लिफ्ट. अण्णांनी रिळं, दोरा आणि काड्यापेटी घेऊन लिफ्ट केली होती. म्हणाले, "भिंगरे, लिफ्ट पडत नाही. का पडत नाही? वर एक माणूस असतो, तो रोज जाऊन दोर बघून येतो. तो माणूस तुझा बाप आहे. आणि तो लहानपणी एकदा माझं घड्याळ पाडून आला तर दोन दिवस जेवला नव्हता. असा माणूस लिफ्ट पाडेल का?" तारीख बघितली. भिंगरी लिफ्टमध्ये शिरली त्याच्या आदल्या दिवसाची. माझी चित्रं, माझे दोर, माझा ब्रेक... राहू दे.

आणि तेविसाव्या भागात किल्ली. साबण, ठसा, कानस, सगळं. अगदी साबणाच्या रंगासकट.

लावला फोन. आज 'जेवलात का' नाही, काही नाही. म्हटलं, "अण्णा, तुम्हाला हे कधी कळलं?"

"काय?"

"किल्ली."

"अरे, पहिल्याच दिवशी. घरी आलो, टीव्हीला हात लावला, गरम. साबणाला किल्लीच्या आकाराचा खड्डा. तो साबण मीच वापरला की आठवडाभर."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुझी आई कारखान्यात. तू रस्त्यावर हुंदडण्यापेक्षा घरात बसलेला बरा. कुलूप काढलं असतं तर तू दिवसभर बघितलं असतंस. चोरून होतं म्हणून तासाभरात आटपायचास."

एवढ्यावर थांबावं ना माणसानं? नाही. अण्णा म्हणाले, "पण किल्ली तू भिकार केली होतीस. एक दात जास्त घासलास. अडकायची. एक दिवस कुलपात मोडेल म्हणून मी काढली, दुकानात नेऊन नीट केली, परत तू लपवायचास तिथेच, शिवणयंत्राच्या खणात ठेवली. तुला कळलं नाही?"

आता तुम्हाला कसं सांगू... मला तो दिवस आठवतो. चार महिने ती किल्ली कुरकुरायची, खटपट करावी लागायची, आणि एका दुपारी घातली, फिरवली, अशी लोण्यासारखी फिरली. मी त्या कपाटासमोर उभा राहून स्वतःचे हात बघितले होते. म्हटलं, आपला हात बरा आहे. आपण यंत्रांचंच काम करायचं. त्या एका दुपारच्या जोरावर मी दहावीनंतर वर्कशॉपला गेलो, तिथून लिफ्टकडे, सतरा वर्षं. आणि तो हात माझा नव्हताच.

हे मी अण्णांना सांगितलं. म्हणजे सांगायला गेलो, आणि मध्येच नाक ओढत बसलो... मशीन रूममध्ये धूळ फार असते. अण्णा म्हणाले, "दात नीट करायला मला दोन मिनिटं लागली रे. बाकीची किल्ली तूच केली होतीस."

झालं. मी स्टुलावर बसून पार विरघळलोय, वाटतंय, आयुष्यात पहिल्यांदा आम्ही बापलेक दोघंच, मध्ये कुणी नाही, असं बोललो... आणि पलीकडून एका बाईंचा आवाज. हळूच. शाळेतला.

"अण्णा," मी म्हटलं, "शेजारी कोण आहे?"

"बाई आहेत. चोविसाव्या भागाची तयारी चालली होती, तेवढ्यात तुझाच फोन आला. स्पीकरवर आहेस तू." आणि खूप अजिजीनं म्हणाले, "बाई विचारतायत, तू रडलास तिथे मागे मोटरचा फार आवाज येतोय. जरा बाहेर जाऊन तेवढं परत एकदा करतोस का?"

गेलो गच्चीवर. केलं परत. काय करणार, वडीलच ते.