साहेब ओहोटीला येणार होते

उरणच्या एसटी थांब्यावर माझ्यामागे आत्या-भाचा बोलत होते.

"आत्या, आज साहेब आपलं मिठागर बघायला आलेत. पक्षी न्हायत असं त्यांनी लिहिलं, की भराव टाकायचा आणि कंटेनर उभे करायचे."

"मग ओहोटीलाच बोलावलं असशील, हुशार माणसा. तेव्हा पाखरं खाडीच्या चिखलात चरायला जातात."

"गेल्या सोमवारी ओहोटीलाच बोलावलेलं. तेव्हा आले न्हायत, म्हणून आज त्याच वेळेला बोलावलं."

"शाब्बास! बापाचा जन्म मिठागरात गेला, आणि आठवड्यात पाणी उलटतं हे तू इसरलास? आता भरती हाय. सगळी पाखरं आपल्याच मिठागरात येऊन बसली असतील."

"थांब, साहेबांचाच फोन हाय... आत्या, ते विचारतायत, मिठागरात हे एवढं काय बसलंय?"

"सांग, कंटेनर आलेत. पंख फुटलेत त्यांना."