आहातच ना तुम्ही घरी!

...आणि वर सूनबाई मलाच विचारते, "बाबा, गाजरं कुणी संपवली?" आता दुपारभर घरात माणूस एकच, मग गाजरं काय चालत गेली? मी संपवली! मुलांच्या दुपारच्या खाण्याची गाजरं, सोलून, लांब लांब कापून, ताटलीत मांडून मी बसलेला... आणि खाणारे कुठे? एक पोहायला, एक वाचनालयात! मग काय टाकून द्यायची? आमच्या दातांची ही अवस्था, एक गाजर म्हणजे अर्धी दुपार! हसा, खुशाल हसा, पण तुम्हाला सांगतो, मुलांच्या सुट्टीत घराला शिस्त लावायची म्हणजे काय असतं, ते या गाजरांना विचारा. नाही नाही, बसा हो, बाक काय माझ्या मालकीचा आहे का? सरका जरा.

म्हणजे झालं काय, शाळा चालू असते तेव्हा आमचं घर सकाळीच रिकामं. मुलगा कामावर, सूनबाई ऑफिसात, नात आणि नातू शाळेत. मागे उरतो कोण? मी आणि फ्रिज. तोही मधूनमधून गुरगुरतो, पण त्याला काही गप्पा म्हणत नाहीत. आमची ही होती तोवर निदान भांडण तरी व्हायचं, ती गेल्यापासून तेही बंद. म्हणून मी या सुट्टीकडे डोळे लावून बसलेलो! परीक्षा त्यांची, धाकधूक मला! कॅरमची पावडर आणून ठेवली, पत्त्यांचा नवा जोड आणला, म्हटलं यंदा नातवाला पत्त्यांतली सगळी लबाडी शिकवायची, अंथरुणात लोळत गोष्टी सांगायच्या, आंघोळ केली तर केली...

आणि सूनबाई गेल्या पालकसभेला! तिथे म्हणे एक डॉक्टरीणबाई बोलल्या. "सुट्टी लागली की मुलं उशिरा उठतात, येताजाता चरतात, मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. घराची घडी विस्कटते! झोप, खाणं, खेळ, वाचन, सगळं वेळच्या वेळी. आणि एक जेवण सगळ्यांनी मिळून!" आता यात चूक काय आहे? काही नाही! शंभर टक्के खरं! मी मान डोलावली आणि तिथेच फसलो. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, यंदा आपण सगळ्यांनी रुटीन पाळायचं." मी म्हटलं, अहो, 'आपण' म्हणजे कोण? तुम्ही दोघं सकाळी जाणार ते दिवेलागणीला येणार, मग पाळणार कोण आणि पाळायला लावणार कोण? तर कसं म्हणाली... अगदी गोड...

"तुम्ही आहातच ना घरी!"

या वाक्याला उत्तर नाही हो जगात. नळवाला येणार आहे? तुम्ही आहातच ना घरी. पार्सल घ्यायचंय? तुम्ही आहातच ना. शेजारीण दोन दिवस गावाला जाते, किल्ली माझ्याकडे देते, वर कुंड्यांना पाणी घालायला सांगते... का? तर काका, तुम्ही असताच घरी! खुर्ची असते, कपाट असतं, तसा मी असतो.

पण एक सांगतो, माणूस त्यांनी बरोबर निवडला! अख्खी नोकरी मी बसस्थानकावर कंट्रोलर म्हणून काढलेली. खिडकीत बसायचं आणि गाड्या सोडायच्या! ड्रायव्हर चहा पितोय, कंडक्टर गप्पा मारतोय, प्रवासी डुलक्या काढतायत... मी माईकवरून असा आवाज टाकायचो की चहा कपातच थंड व्हायचा. एकदा तर खुद्द आमचे सासरे पिशवी हलवत धावत येत होते, "अहो जावईबापू, थांबवा, थांबवा!" सोडली गाडी! वेळ म्हणजे वेळ. पुढे महिनाभर मला घरात मीठ नसलेली भाजी मिळाली, पण गाडी सोडली!

मग काय, जुनी शिट्टी काढली ट्रंकेतून. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि... फुर्रर्र! "प्रवाशांनी लक्ष द्यावे! अंथरुणातून सुटून बाथरूममार्गे दुधाच्या पेल्याकडे जाणारी गाडी फलाटाला लागलेली आहे!" नातू, त्याला आम्ही टोळ म्हणतो, एका जागी टिकत नाही, तो पलंगाखाली. नात मोठी, घरातल्या प्रत्येकाची चूक काढते म्हणून तिचं नाव मास्तरीणबाई. ती पांघरुणातूनच म्हणते, "आजोबा, सुट्टी या शब्दाचा अर्थ तुम्हाला माहीत आहे का?" म्हटलं, बाई गं, आमच्या स्थानकावर सुट्टी फक्त नाण्यांची असायची, तीही कंडक्टरकडे कधी नसायची. ऊठ!

रविवारी तर मुलालाही उठवला. "बाबा, मी आता चाळिशीचा झालो!" म्हटलं, गाडी जुनी असो की नवी, उशीर तो उशीर. संध्याकाळी जेवायच्या आधी सगळे मोबाईल डब्यात, म्हणजे डेपोत जमा! पहिल्याच दिवशी डब्यातून आवाज यायला लागला, ट्रिंग ट्रिंग... कुणाचा? सूनबाईंचा! "बाबा, ऑफिसचा आहे हो, प्लीज..." डेपोतली गाडी अवेळी बाहेर निघत नाही! डबा वाजतोय, आम्ही सगळे भाजी चावतोय, टोळ हसून हसून पालथा...

खरं सांगू? ते पहिले दिवस फार चांगले गेले. दिवसभर भांडत होतो आम्ही. दूध नको, काकडी नको, आजोबा लबाडी करतात, आजोबांनी सोंगटी ढकलली... घरात भांडायला माणसं होती हो! मला आणखी काय पाहिजे होतं?

पण रुटीनच ते... बसलं! आता मुलं लवकर उठायला लागली, तर एवढ्या लवकर उठून करायचं काय? बागेत गेली. बागेत मित्र भेटले. मित्र पोहायला जातात, मग टोळही पोहायला. दुपारी गाडी न्यायला येते, पोहून झालं की तिथेच खेळ. मास्तरीणबाईंना वाचनाचा तास नेमून दिलेला, त्या तासाचा झाला अर्धा दिवस. वाचनालयात त्यांचं एक टोळकं जमलंय, पुस्तक वाचतात आणि लेखकाच्या चुका काढतात. संध्याकाळी सगळे येतात ते असे कडकडून भुकेले की डोकं वर न काढता जेवतात, मोबाईल आपणहून डब्यात टाकतात आणि पाठ टेकली की डाराडूर! डॉक्टरीणबाईंनी बघितलं असतं तर आनंदानं रडल्या असत्या. रुटीन असं बसलं, असं बसलं, की माझ्यासाठी बसायला जागाच उरली नाही.

अहो, घड्याळ काय बघताय? सांगतो ना, मुद्द्याचं तर पुढेच आहे.

परवाची गोष्ट. दुपारी पोहण्याची गाडी दारात येऊन हॉर्न वाजवतेय, आणि टोळ कॅरमबोर्ड घेऊन माझ्यासमोर उभा. केवढा तो बोर्ड आणि केवढा तो! म्हणतो, "आजोबा, मी आज नको जाऊ? आपण खेळू या?" आणि मी... मी काय केलं असेल? शिट्टी वाजवली! हो! सवयीनं आपलं काम केलं! "गाडी लागल्यावर प्रवाशानं फलाटावर रेंगाळायचं नाही! चला, चला!" टॉवेल त्याच्या खांद्यावर, पिशवी हातात, धरून नेला, सीटवर बसवला, दार लावलं, वर पत्र्यावर थाप मारली, डबल! सुटली गाडी! अगदी वेळेवर! मागच्या काचेतून त्यानं हात हलवला, मीही हलवला, आणि गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं की अरे, हा तर थांबतो म्हणत होता! माझ्याजवळ! कुणी सांगितलेलं नसताना! घरात आलो तर बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेला. फार वाईट वाटलं हो. एकट्यानंच एक डाव मांडला, पण दोन्ही बाजूंनी आपणच खेळायचं म्हणजे हरलो तरी राग कुणावर काढणार?

मग काल ठरवलं, भरपाई करायची. शिट्टी पुन्हा ट्रंकेत. सोंगट्या मांडून, पावडर टाकून तयार बसलो. टोळ टॉवेल घेऊन निघाला. मी हळूच म्हटलं, "बाळा, आज नाही गेलास पोहायला तर चालेल हं..." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, असं पाहिलं, जसं मी त्याला चोरी करायला सांगतोय! "आजोबा! रुटीन आहे ना! एकदा मोडलं की मोडतच जातं!" हे कुणी शिकवलं त्याला? मीच! वर मलाच बजावून गेला, "तुम्ही गाजर खा, चावून खा." गाडी सुटली. या वेळी पत्र्यावर थाप त्यानंच मारली, आतून.

संध्याकाळी सूनबाई काय खूश! "बाबा, तुमच्यामुळे मुलं सुधारली. इतर घरांत नुसता गोंधळ चाललाय!" मी घसा खाकरून म्हटलं, पुढच्या सुट्टीत जरा ढिलं सोडलं तर... म्हणजे आठवड्यातून एक दुपार, नुसतं लोळायला... तर तिनं पाठीवर हात ठेवला. "छे हो, आता कशाला सोडायचं? आणि तुम्हाला कंटाळा आला तरी काळजी काय, तुम्ही आहातच ना घरी!"

आता सांगा, यावर माणसानं... अहो, उठलात? आणि तुम्हीही? हो, हो, जेवायची वेळ झाली असेल, निघा. बरोबर आहे. ती पिशवी विसरू नका, बाकाखाली आहे.

तुम्ही नाही उठलात? काय म्हणता? बसता थोडा वेळ? एकटाच आहे मी म्हणून? छे छे, भलतंच! घरी वाट बघत असतील, उशीर होईल, जेवण थंड होईल... चला, उठा, उठा! काठी घ्या, जपून, तिथे पायरी आहे... हां, सरळ जा, थांबू नका!

...गेले.

...सोडली! बघा, परत वेळेवर सोडली!