शिबिरात म्हटलेलं गाणं

...नाही, आणि वर सून मलाच म्हणते, आई, शिबिरात तुम्ही किती छान केलंत. काय छान केलं? तुम्हाला सांगते, मी गजराबाई, नंदुरबारच्या या घरात नात चेतना बोलायला लागली तेव्हापासून तोंड सांभाळून राहतेय. पोरीला लाडानं आपल्या अहिराणीत विचारावं, 'काय करी ऱ्हायनी वं?', काय करतेयस गं, की स्वयंपाकघरातून सून चारुलता, 'आई, शुद्ध बोला, तिला शाळेत हसतात.' भूक लागली तरी शुद्ध बोला, ठेच लागली तरी शुद्ध बोला... मग मी बोलणंच कमी केलं. चुकायला नको.

आणि यंदा सुट्टीत चेतनाला घातलं खांडबाऱ्याजवळच्या शिबिरात. झाडं ओळखा, पाखरं ओळखा, आणि म्हणे आपली संस्कृती ओळखा. तिथल्या ताईंचा फोन, 'आजींना आणा ना, त्यांच्या बोलीत आखाजीच्या सणाचं गाणं म्हणू द्या.' लगेच सूनबाई, 'आई, उद्या अहिराणी बोला बरं का, अगदी अस्सल.' मी म्हटलं, शुद्ध नको का? तर हसली. मला काही हसू आलं नाही.

गेलो. आंब्याखाली पोरं बसलेली, ताईंनी माईक हातात दिला, आणि तुम्हाला सांगते, जे गाणं माहेरी झोक्यावर बसून एका दमात म्हणायचे, त्याचा पहिला शब्दच येईना... चाल आठवतेय, झोका दिसतोय, शेजारी बसलेली बहीण दिसतेय, शब्द नाही. समोरून चेतना विचारते, 'आजी, काय झालं?' आणि तोंडातून आपोआप निघालं, 'मन्हं गानं हराई गयं वं, बेटा.' माझं गाणं हरवलं गं.

तर टाळ्या. ताई म्हणाल्या, 'वा, किती गोड, मुलांनो, म्हणा आजींच्या मागे.' आणि सगळी पोरं ताल धरून, 'मन्हं गानं हराई गयं, वं बेटा'... मी नाही नाही म्हणतेय, ऐकतंय कोण? सून मोबाईलवर शूटिंग करतेय, एका हातानं डोळे पुसत. का, ते मी विचारलं नाही.

येताना रेल्वेत चेतना खिडकीशी बसून तेच म्हणत होती. माझ्या बोलीतलं पहिलं वाक्य तिच्या तोंडी आलं, तेही असलं... नंदुरबार जवळ आलं तशी मांडीवर डोकं ठेवून विचारते, 'आजी, पुढची ओळ काय गं?'

आता तिला काय सांगू? बसलेय रचत.