देवराव सर छपरावर एकटेच चढले

मंडळी, सगळ्यायले नमस्कार. काकू, तुमी सरायच्या फोटोजवळ बसल्या, तुमच्याकडे पाहून मले बोलता येणार नाही. मी खाली पाहूनच बोलते. माफ करा.

मी सुनंदा. तलमडुगुची. देवराव सरायच्या हाताखाली शिकली.

सरायची सारी उमर बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत गेली. वायरमन होते. रिटायर होऊन आदिलाबादले आले अन् ट्रेनिंग सेंटरात सोलर बसवणं शिकवू लागले. मी एकदा विचारलं, "सर, कोळशातला माणूस उन्हाकडे काऊन आला?" ते म्हणाले, "खाण आज ना उद्या बंद होईन बाई. मंग पोरायनं काय करावं? हे काम शिकून ठेवा."

पहिल्या दिवशी मी अर्ध्या शिडीवरच दांडा धरून अडकली. खालून पोरं हसली. सर 'भिऊ नको' नाही म्हणाले. म्हणाले, "भी. भिणारा माणूस कमरेले पट्टा बांधते." पत्र्याच्या छपरावर पट्ट्याचा दोर अडकवायले जागा नसते. तो पलीकडून खाली सोडावा लागते अन् खाली एकानं धरून ठेवावा लागते. हे त्यायनं आमाले किती वेळा सांगतलं! किती वेळा!

आमी शिकलो. सर्टिफिकेटं भेटली. मंग गावाजवळ मोठा सोलर प्लांट आला. आमाले वाटलं, आता आपलं काम आलं. ठेकेदारानं सारी माणसं बाहेरून आणली. आमाले म्हणे, अनुभव आणा. कामच नाही, तर अनुभव कुठून आणावा? सर आमच्या नावाची यादी घेऊन हापिसात जायचे. तिथं म्हणत, दरख्वास्त ठेवून जा. पुन्हा गेले की, "रेपु रा." तेलुगूत, उद्या ये. सर उद्या जायचे. परवा जायचे. मंग सेंटरलेच कुलूप लागलं.

आमच्यातला लक्ष्मण परत भाजीच्या गाडीवर गेला. मी कापूस वेचायले गेली. सर तेवढे त्या कामात राह्यले.

गेल्या आठवड्यात सकाळी त्यायचा फोन आला. नार्नूरकडच्या एका वस्तीत आमी शिकता शिकता समाजमंदिरावर सोलरच्या प्लेटा बसवल्या होत्या. त्यावर पाण्याचा पंप चालायचा. तो बंद पडला होता. सर म्हणाले, "बाया ओढ्यावर जाऊन राह्यल्या, सुनंदा. येतं का? दोर धरायले एक जण पायजे."

मी म्हटलं, "सर, वेचणी चालू आहे." एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण मी म्हटलं, "अन् आता काय राह्यलं त्या कामात?"

सर म्हणाले, "बरं बाई. वेच."

काल आमी एकमेकायले विचारलं, तवा कळलं. सरायनं पाच जणायले फोन केला होता. पाचही जणायनं नाही म्हटलं.

ते बसनं एकटेच गेले. वस्तीतले लोक वावरात होते. एका म्हाताऱ्या बाबानं शिडी दिली. सरायनं पट्टा बांधला, दोर पलीकडे सोडला. धरायले कोणी नव्हतं. पत्रा सडका होता. पाय आत गेला अन् तोल गेला. सर खाली पडले ते गेलेच.

लोक म्हणतात, या वयात काऊन चढावं? मी विचारते, दुसरं कोण चढणार होतं? बावीस जण शिकले होते ना आमी?

पंप अजून बंद आहे.

मले इथं सांगतलं होतं, म्हण, सरायचं काम आमी पुढं नेऊ. मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसासमोर खोटं बोलवत नाही. उद्या सकाळी मी वेचणीलेच जाणार आहे. घर चालवायले तेवढंच काम आहे.

आता उभे राहा. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका.

सर, पाया पडते. माफी मागत नाही. ती द्यायले तुमी नाही.