काठोकाठ भरलेला पेला

मनीषनगरातील एका वृद्धशुश्रूषागृहात, भेटीच्या वेळी, शेजारच्या खाटेवरील प्रयागबाई, त्यांचा मुलगा रुपराव आणि त्याच दिवशी गावाहून आलेली मुलगी कामिनी यांच्यातील हे संभाषण कानी पडले.

“पाय वं कामिने, फरशी कशी चकचकीत हाय! चादर रोज बदलतात. अजून काय पाह्यजे तुले?”

“दादा, आईचे ओठ पाय. किती सुकले!”

“अवं, पेला तर काठोकाठ भरून हाय. मी कधीबी येवो, भरूनच राह्यते.”

“तेच म्हणतो मी, दादा. दुपार झाली तरी भरलेलाच हाय. आई, पाणी काहून नाही पेत वं?”

“पाणी पेलं का लघवीले उठा लागते, बाई. एकटीनं उठता येत नाही.”

“मंग नर्सबाईले बोलवत जा ना! घंटी कायले लावली उशाशी?”

“वाजवत होती. पहिले आठ दिवस.”

“अन् मंग?”

“मंग पाणीच सोडलं. रुपराव, तू जिवाले लावून घेऊ नको गा. फरशी चांगली हाय इथली.”

“पे, आई. पूर्ण पे. उठवाले मी बसलो हावो.”

“अन् तू गेल्यावर?”

“कामिने, आईची पिशवी भर.”